वादळानंतरचा दीर्घ वीजखंड : घर, विहीर व गोठा यांची व्यवस्था

कोकणपट्टीत वैशाख लागला म्हणजे शेतकऱ्याचे हात एकाच वेळी अनेक कामांत गुंतलेले असतात. झाडावर उरलेला आंबा उतरावयाचा असतो, काजूबी वाळवावयाची असते, रतांबे फोडून आमसुले घालावयाची असतात आणि भाताच्या तरव्यासाठी जमीनही तयार करावयाची असते. वळवाचा पाऊस व समुद्रावरील वादळे नेमकी याच दिवसांत येतात. वादळ स्वतः बहुधा एका रात्रीत किंवा एका दिवसात निघून जाते. परंतु त्याच्या मागे जो अंधार राहतो तो काही ठिकाणी आठ-आठ दिवस, तर काही ठिकाणी त्याहूनही अधिक टिकतो. वादळात न झालेली जीवितहानी या पुढील दिवसांत होण्याचा संभव असतो, आणि ती बव्हंशी टाळता येण्याजोगी असते. यास्तव वीज गेल्यानंतर कोणते काम आधी व कोणते मागाहून करावे, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने अगोदरच करून ठेवणे अगत्याचे आहे.

तौक्ते वादळाचा अनुभव

सन २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाची आठवण सिंधुदुर्ग जिल्ह्यात अद्याप ताजी आहे. १४ मे रोजी लक्षद्वीपच्या परिसरात कमी दाबाचे तीव्र क्षेत्र निर्माण झाले. तो अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. पुढे वादळाचे रूप घेऊन ते किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले आणि रविवार, १६ मे रोजी गोवा व सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून पुढे गेले. १७ मेच्या रात्री ते गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. वादळाचा मध्य समुद्रावरच असूनही वेंगुर्ले, मालवण व देवगड या तिन्ही किनारी तालुक्यांत आंबा, माड व फणस यांची असंख्य झाडे उन्मळून पडली. त्यांच्याबरोबर विजेचे खांब व ताराही भुईसपाट झाल्या. अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. घाटावरून महावितरणच्या कर्मचाऱ्यांची पथके मदतीस बोलवावी लागली. त्याच्या आदल्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात व रत्नागिरीच्या उत्तर भागात असाच प्रसंग आणला होता आणि तेथील काही गावांना वीज मिळण्यास कित्येक आठवडे लागले.

या दोन्ही प्रसंगी एक गोष्ट दिसून आली. ज्या घरी विहिरीवर रहाट अथवा कप्पी व दोर शिल्लक होता, तेथील कुटुंबाचे दिवस कष्टाने का होईना, निभावले. ज्या घरी पाण्याचा प्रत्येक थेंब विजेच्या पंपावर अवलंबून होता, तेथे विहीर तुडुंब असूनही पाण्याचा दुष्काळ पडला.

वीज परत येण्यास विलंब का लागतो

वीज घरापर्यंत पायरीपायरीने येते. उपकेंद्रातून अकरा हजार व्होल्ट दाबाची वाहिनी निघते. ती गावोगावच्या रोहित्रांपर्यंत, म्हणजे लोक ज्याला डीपी म्हणतात तेथपर्यंत जाते. रोहित्र हा दाब उतरविते व लघुदाबाच्या तारांनी वीज वाडीवाडीत पोहोचते. दुरुस्तीचे कामही याच क्रमाने करावे लागते. उपकेंद्राकडे येणारी वाहिनी तुटलेली असताना वाडीतील खांब उभा केला तरी दिवा लागणार नाही. म्हणून पहिल्याने मोठ्या वाहिन्या, नंतर रुग्णालये व नळपाणी योजना, त्यानंतर गावची रोहित्रे व शेवटी वाडीतील तारा असा क्रम लागतो. वाहिनीच्या शेपटाकडील वाडीला वीज सर्वांत उशिरा मिळते.

कोकणात या विलंबास आणखी कारणे आहेत. येथील घरे एका जागी नसून बागांतून विखुरलेली असतात. थोड्या घरांसाठी लांबलचक तारा न्याव्या लागतात आणि त्या माड-आंब्यांच्या मधून जातात. पुष्कळ वाड्यांत गाडी जात नसल्याने खांब माणसांनी खांद्यावरून वाहावे लागतात. कातळावर खड्डा खणणे कठीण, तर किनाऱ्याच्या वाळूत खांबाला धर नाही. खाऱ्या हवेने तारा व लोखंडी भाग गंजून आधीच अशक्त झालेले असतात. देवबाग हे कर्ली नदी व समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले गाव आहे. अशा गावी वाहिनीला दुसऱ्या बाजूने वीज देण्याची सोय सहसा नसते. सबब, किनाऱ्यावरील व आडवाटेच्या कुटुंबांनी वीज उद्या येईल या आशेवर न राहता आठ दिवसांचा हिशेब धरूनच वागावे.

पडलेली तार ही जिवंत समजावी

वादळ शमताच घराबाहेर पडून बाग पाहण्याची ओढ प्रत्येकास असते. पहिला धोका तेथेच असतो. गावात वीज नाही म्हणून जमिनीवर पडलेली तार मृत आहे असे मानणे ही घातक चूक होय. याची तीन कारणे आहेत. तार कोरड्या वाळूवर किंवा कातळावर पडली असता जमिनीत जाणारा प्रवाह पुष्कळदा इतका अल्प असतो की रोहित्रावरील फ्यूज वितळत नाही व तारेत वीज तशीच राहते. दुसरे असे की, दुरुस्ती चालू असताना वाहिनीत चाचणीसाठी केव्हाही वीज सोडली जाऊ शकते. आणि तिसरे म्हणजे, शेजारच्या घरातील जनित्राची वीज उलट वाटेने त्या तारेत शिरलेली असू शकते.

ओल्या जमिनीवर तारेला स्पर्श न करताही धक्का बसतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तार जेथे जमिनीला टेकते तेथे विजेचा दाब सर्वांत अधिक असतो व तेथून दूर जावे तसतसा तो उतरत जातो. चालताना एक पाय तारेजवळ व दुसरा एका पावलावर पडला म्हणजे दोन्ही पायांखालील दाबांत अंतर पडते आणि वीज एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते. गाई-बैलांचे पुढील व मागील पाय माणसाच्या पावलापेक्षा अधिक अंतरावर असतात व प्रवाहाची वाट त्यांच्या हृदयावरून जाते. माणूस जेथून सुखरूप निघून जातो तेथे जनावर कोसळते ते याच कारणाने. धन्याने त्याला उठविण्यास धावून जाणे म्हणजे एका मृत्यूला दुसऱ्याची जोड देणे होय.

यास्तव पडलेल्या तारेपासून निदान दहा मीटर, म्हणजे साधारण तीस-पस्तीस फूट, दूर राहावे. तेथे वाट अडवून लाल फडके बांधावे व एक जाणता माणूस उभा करावा. चुकून जवळ गेल्यास लांब टांगा टाकून पळू नये. दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, ते घासत घासत मागे सरावे. काटेरी तारेचे कुंपण, कपडे वाळत घालण्याची तार व लोखंडी फाटक यांवर विजेची तार पडली असल्यास त्यांतही वीज उतरते, हे ध्यानात ठेवावे. तारेवर पडलेली फांदी कोयत्याने तोडू नये. वाडीतील सर्व वाटा पाहून होईपर्यंत गुरे गोठ्यातच बांधून ठेवावी.

पाण्याची तरतूद

तारेच्या खालोखाल महत्त्व पाण्याचे. पाच माणसांच्या कुटुंबास दरडोई वीस लिटर धरल्यास दररोज शंभर लिटर पाणी लागते. दोन गुरे असतील तर प्रत्येकी सुमारे चाळीस लिटर मिळून आणखी ऐंशी लिटर. एकूण एकशे ऐंशी लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या बारा बादल्या झाल्या. हे काम दोन माणसांनी सकाळ-संध्याकाळ वाटून घेतल्यास अवघड नाही. परंतु त्यासाठी विहिरीवर कप्पी अथवा रहाट, भक्कम दोर व चढण्या-उतरण्यास सुरक्षित काठ पाहिजे. पंप बसविल्यानंतर पुष्कळ ठिकाणी रहाट काढून टाकण्यात आले व विहिरीवर जाळी ठोकण्यात आली. जाळी अवश्य असावी, मात्र तीत बादली जाण्याइतकी उघडझाप करता येणारी चौकट ठेवावी. विंधन विहिरीच्या नळीत बादली उतरत नाही. ज्यांच्याकडे केवळ विंधन विहीर आहे त्यांनी हातपंप बसवावा किंवा शेजारच्या उघड्या विहिरीची सोय आधीच ठरवून ठेवावी.

वादळाची सूचना मिळताच घरावरील टाकी काठोकाठ भरावी. याचा दुहेरी लाभ आहे. पाचशे लिटर पाणी हाताशी राहते, आणि रिकामी टाकी वाऱ्याने उडून जाते तशी भरलेली टाकी जात नाही. हे पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी राखून इतर कामांस विहिरीचे पाणी वापरावे.

वादळी पावसाने पालापाचोळा, गाळ व शौचालयाजवळील घाण विहिरीत उतरण्याचा संभव असतो. म्हणून पाणी टी.सी.एल. पावडरीने शुद्ध करून घ्यावे. शेकडा ३३ क्लोरीन असलेली पावडर दर हजार लिटर पाण्यास अडीच ग्रॅम पुरते. विहिरीतील पाणी किती लिटर आहे हे काढण्यासाठी व्यासाचा वर्ग, पाण्याची खोली व ३·१४ यांचा गुणाकार करून त्यास चाराने भागावे व येणाऱ्या संख्येस हजाराने गुणावे. मापे मीटरमध्ये घ्यावी. उदाहरणार्थ, तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते सुमारे चौदा हजार लिटर होते व त्यास ३५ ग्रॅम पावडर लागते. पावडर बादलीत थोड्या पाण्याने कालवून मग बादली पाऊण भरावी. चुना तळाशी बसल्यावर वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यावे, ती बादली विहिरीत सोडून पाण्यात वरखाली ढवळावी आणि एक तास पाणी उपसू नये. खाली राहिलेला चुना विहिरीत टाकू नये. पावडर उघडी वा ओलसर राहिल्यास तिचा जोर कमी होतो, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. पिण्याचे पाणी चुलीवर उकळून घेणे शक्य असेल तर ते अधिक चांगले.

तारकर्ली, देवबाग, तळाशील अशा वालुकामय गावांत गोड पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या थरासारखे असते. तेथे भाड्याचे जनित्र आणून पंपाने एकदम उपसा केल्यास खालचे खारे पाणी वर येते. बादलीने थोडे थोडे पाणी काढणे हेच अशा विहिरीस हितावह आहे. लाटेचे किंवा खाडीचे पाणी विहिरीत शिरले असल्यास पावडरीने त्याचा खारेपणा जात नाही. ते पाणी पिण्यास वापरू नये.

प्रकाश व साठविलेली वीज

पुष्कळ घरांत आता इन्व्हर्टर असतो. तथापि त्याचा साठा किती दिवस पुरेल याचा हिशेब क्वचितच केला जातो. बारा व्होल्ट व दीडशे अँपिअर-तासांच्या बॅटरीत नाममात्र अठराशे वॅट-तास वीज असते. व्यवहारात त्यांतील हजारभर मिळेल असे धरावे. सत्तर वॅटचा एक पंखा रात्री आठ तास चालविला तर तोच साडेपाचशेच्या वर वीज खातो. दिवे व यंत्राचा स्वतःचा खर्च मिळवून दुसऱ्याच रात्री बॅटरी बसते. तोच साठा नऊ वॅटचे दोन दिवे रात्री पाच तास व घरातील मोबाइल यांसाठीच वापरला आणि उरलेल्या वेळी इन्व्हर्टर बंद ठेवला, तर चार-पाच दिवस निभावतात. पंख्याचा मोह आवरणे इष्ट, हे यावरून दिसून येईल.

सौर कंदील घरी एक तरी असावा. रेशनच्या रॉकेलवर पूर्वीसारखे विसंबता येत नाही. समई किंवा खोबरेल तेलाची पणती उपयोगी पडते, मात्र ती पेंढा, माच व मच्छरदाणी यांपासून दूर ठेवावी व निजण्यापूर्वी मालवावी. भाजलेली काजूबी, सुके खोबरे किंवा गवत साठविलेल्या मांगरात उघडी ज्योत नेऊच नये.

मोबाइलचे मनोरेही विजेवरच चालतात. त्यांच्या बॅटऱ्या व डिझेल संपले म्हणजे संपर्क तुटतो. म्हणून वादळाची सूचना मिळताच सर्व मोबाइल भरून घ्यावे. नंतर घरातील एकच मोबाइल चालू ठेवून इतर बंद करावे. महत्त्वाचे क्रमांक कागदावर लिहून भिंतीस लावावे. वीज तक्रारीसाठी १९१२, जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक त्यांत असावे. तक्रार करताना बिलावरील बारा अंकी ग्राहक क्रमांक, जवळच्या रोहित्राचे ठिकाण व पडलेल्या खांबाची नेमकी खूण सांगावी.

अन्न व औषधे

शीतकपाटाचे दार न उघडल्यास खालच्या कप्प्यांतील अन्न सुमारे चार तास टिकते. गच्च भरलेला व बंद ठेवलेला बर्फाचा मोठा खण दोन दिवसांपर्यंत थंडी धरतो, अर्धा भरलेला एकच दिवस. मासळी ठेवलेली असेल तर ती प्रथम शिजवून संपवावी. मऊ पडलेली वा वास बदललेली मासळी पुन्हा गोठविण्याच्या आशेने ठेवू नये. ढगाळ हवेत ती नीट वाळतही नाही. बर्फाचे कारखानेही विजेवाचून बंद पडत असल्याने ताजी मासळी घेताना विशेष काळजी घ्यावी. या दिवसांत पेज, कुळथाची पिठी, सुके मासे व सोलकढी असा जो साधा आहार घरोघरी परिचित आहे तोच सुरक्षित होय. मात्र कढी रोजची रोज करून त्याच वेळी संपवावी.

मधुमेही रुग्णाची वापरात असलेली इन्सुलिनची कुपी कोरड्या, झाकणाच्या डब्यात घालावी. तो डबा मातीच्या माठात ठेवून माठाभोवती ओले फडके गुंडाळावे व माठ सावलीत, वाऱ्यावर ठेवावा. कुपीस प्रत्यक्ष बर्फ लावू नये. औषध गढूळ दिसल्यास किंवा शंका वाटल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे. विजेच्या यंत्राने प्राणवायू घेणारा रुग्ण घरी असेल, तर वादळाची सूचना मिळताच त्यास रुग्णालयात हलवावे.

जनित्र वापरताना

डिझेल व पेट्रोलची जनित्रे आता भाड्यानेही मिळतात. त्यांपासून दोन प्रकारचा धोका संभवतो. पहिला, त्यांच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूचा. या वायूस रंग वा वास नसतो. पावसापासून बचाव म्हणून जनित्र पडवीत किंवा माजघरालगत ठेवले तर घरातील माणसे झोपेतच दगावू शकतात. जनित्र घरापासून दूर, उघड्यावर, वर छप्पर असलेल्या पण चारी बाजूंनी मोकळ्या जागी ठेवावे.

दुसरा धोका स्वतःच्या घराचा नसून वायरमनच्या जिवाचा आहे. काही ठिकाणी जनित्राची वायर घरातील एखाद्या प्लगमध्ये खोचून सर्व घराला वीज देण्याची रीत पडली आहे. मुख्य स्विच चालू राहिला तर ती वीज घराबाहेरच्या तारेत व तेथून रोहित्रात जाते. रोहित्र जसे दाब उतरविते तसेच उलट दिशेने ते दाब चढविते. घरातील दोनशे तीस व्होल्टचे मग वाहिनीत हजारो व्होल्ट होतात. ती वाहिनी मृत समजून खांबावर चढलेल्या कामगाराचा प्राण जाण्यास एवढे पुरे होते. आपल्याच घरी वीज आणण्यासाठी आलेल्या माणसाचा घात आपल्या हातून होऊ नये, यास्तव पंप किंवा दिवा थेट जनित्राच्या खोबणीत जोडावा. घरास वीज द्यावयाचीच असेल तर परवानाधारक वीजतंत्र्याकडून बदलता स्विच बसवून घ्यावा. या स्विचमुळे घर एका वेळी एकतर वाहिनीस किंवा जनित्रास जोडलेले राहते, दोहोंस कधीच नाही.

बाग व नुकसानीची नोंद

गळलेला आंबा उतरविलेल्या आंब्यात मिसळू नये. आपटलेले फळ एक-दोन दिवसांत आतून सडते व शेजारची फळे बिघडविते. कच्चा आंबा फोडी करून मिठात घालावा. पिकण्यास आलेला लगेच प्रक्रिया केंद्राकडे पाठवावा. भाताचे बियाणे जमिनीवर न ठेवता फळीवर किंवा माळ्यावर ठेवावे व पाऊस थांबताच पोती उघडून पाहावी.

पडलेली झाडे तोडण्यापूर्वी त्यांची मोजदाद व छायाचित्रे घ्यावी. मोबाइलमध्ये थोडा साठा राखून ठेवावयाचा तो यासाठीही. महसूल, ग्रामपंचायत व कृषी या खात्यांच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्यांस त्वरित कळवून पंचनामा करून घ्यावा. ज्या झाडात विजेची तार गुंतली आहे त्यास मात्र वायरमनने वीज तोडल्याचे स्वतः सांगितल्याखेरीज कुऱ्हाड लावू नये.

वीज परत आल्यावर

वीज जाताच मुख्य स्विच बंद करून ठेवावा. ती आल्याचे शेजारी कळल्यावर सर्व उपकरणांचे प्लग काढून फक्त एक दिवा लावावा. दिवा नेहमीपेक्षा फार प्रखर लागल्यास तारांच्या जोडणीत दोष आहे असे समजून मुख्य स्विच तत्काळ बंद करावा व वायरमनला कळवावे. तीन फेजवरील पंप तिन्ही फेज आल्याची खात्री केल्यावाचून सुरू करू नये, अन्यथा मोटार जळते. घरात पाणी शिरले असेल तर ओल्या खोबणी व बटणे पूर्ण वाळवून, तपासून घेतल्यानंतरच वीज सुरू करावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी करावयाचे काम

वर सांगितलेल्या गोष्टी वादळाच्या दिवशी सांगून भागत नाहीत. एप्रिल महिन्यातच प्रत्येक वाडीची एक यादी तयार करावी. रहाट किंवा कप्पी असलेल्या उघड्या विहिरी कोणत्या, हातपंप चालू स्थितीत कोठे आहेत, जनित्र व झाडे तोडण्याचे यंत्र कोणाकडे आहे, इन्सुलिन वा प्राणवायूवर अवलंबून असलेले रुग्ण, अंथरुणास खिळलेले वृद्ध व गरोदर स्त्रिया कोणत्या घरी आहेत, हे तीत असावे. टी.सी.एल. पावडर ग्रामपंचायतीत पुरेशी व ताजी आहे की नाही हे पाहावे. तारांवर झुकलेल्या फांद्यांची माहिती महावितरणच्या शाखेस लेखी द्यावी व त्या वीज बंद असतानाच तोडून घ्याव्या. दुरुस्ती पथक आल्यावर त्यास वाट दाखविणे, खांब वाहण्यास माणसे देणे व पथकाच्या जेवणाची सोय करणे ही कामे वाडीने उचलल्यास पुष्कळ वेळ वाचतो.

शाळेच्या मुलांस पडलेल्या तारेचा नियम पाठ करून द्यावा, कारण वादळानंतर आंबे वेचण्यास सर्वांत आधी बागेत धावतात ती मुलेच. विहिरीवरचा दोर दरवर्षी चैत्रात तपासावा व जीर्ण झाला असल्यास बदलावा. वीज आली म्हणून रहाट मोडीत काढू नये. वर्षातून आठ दिवसच त्याचे काम पडेल, परंतु त्या आठ दिवसांत घरातील माणसे व गोठ्यातील गुरे यांची तहान त्याच्याच आधाराने भागणार आहे.